पदक पुढे, भार मागे

किल्टला खिसा नसतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला हा लोकरी, चुण्यांचा पोशाख पुरुष कमरेभोवती गुंडाळतात आणि बाजूच्या छोट्या चामडी पट्ट्यांनी आवळतात. अंगावर सात मीटरच्या आसपास लोकर असते, पण चार नाणी ठेवायला जागा नसते. म्हणून पुढच्या बाजूला एक पिशवी लटकवतात, तिचं नाव स्पोरन. रोजच्या वापरातली स्पोरन साध्या चामड्याची असते. समारंभाची परंपरेने सीलच्या कातड्याची असते आणि तिच्या तोंडाशी चांदीची नक्षीदार कड असते. लष्करी बँडमधल्या पाइपवाल्यांच्या स्पोरनला घोड्याच्या केसांचा लांब झुपका असतो. पाहणाऱ्याची नजर या पिशवीवर खिळते. तिला धरून ठेवणारा पट्टा मागे कोटाखाली गेलेला असतो, त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

आपल्या धोतराला आणि लुगड्यालाही खिसा नव्हता. पैसे कनवटीला लावायचे. रक्कम मोठी असेल तर ती कसा नावाच्या पिशवीत भरून पिशवी कमरेला बांधायची. पानतंबाखूची चंची कमरेला खोचायची. घरच्या किल्ल्या छल्ल्यात अडकवून छल्ला नेसूच्या काठावर ठेवायचा. चांदीचा छल्ला हा दागिना होता तसाच घराच्या कारभाराचा अधिकारही होता, आणि तो लेकीसुनांच्या कमरेवर सगळ्यांना दिसेल असा मिरवला जाई. पुढे शिवलेल्या कपड्यांना खिसे आले, पर्स आली, आणि कमरेवरच्या वस्तूंचं काम संपलं. राहिला तो दागिना: बायकांचा कंबरपट्टा, कंबरसाखळी आणि बाळाचा करगोटा. लग्नसराईत आणि सणावारी नऊवारी नेसणाऱ्या मुली वाढल्या, तसा कंबरपट्टाही पुन्हा मागितला जाऊ लागला आहे. तो कसा निवडावा आणि कसा घालावा, याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. स्पोरनच्या पट्ट्यापासून त्यासाठी शिकताही येतं, कारण दोन्हीकडे अडचण एकच आहे. वजन पुढे असतं, आणि ते पेलायचं काम मागच्या पट्ट्याचं.

ही अडचण समजून घ्यायला हुपरीइतकं योग्य गाव महाराष्ट्रात दुसरं नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेजवळचं हे गाव चांदीच्या दागिन्यांवर उभं आहे, आणि हा व्यवसाय तिथे शंभर वर्षांहून जुना आहे. हुपरीची खरी ओळख म्हणजे पैंजण. पण जिथे पैंजण होतात तिथे साखळी, करगोटा, छल्ला, कंबरपट्टाही होतो, कारण या सगळ्यांच्या मुळाशी कौशल्य एकच आहे: चांदीच्या शेकडो लहान कड्या अशा जोडायच्या की जोड दिसू नये, टोचू नये आणि तुटू नये. रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड अशा आसपासच्या गावांतही हे काम पसरलेलं आहे. एकाच कारखान्यात चांदीची लगड आत जावी आणि दागिना बाहेर यावा, अशी इथली रीत नाही. आटणी एकाकडे, तार ओढणं आणि पत्रा काढणं दुसऱ्याकडे, ठशाचं काम तिसऱ्याकडे, पॉलिश चौथ्याकडे. कड्या गुंफण्याचं आणि घुंगरं जोडण्याचं काम मोठ्या प्रमाणात घराघरांत बायका करतात. कंबरपट्टा हातात घेऊन त्याची मागची बाजू बोटांवरून सोडली की तो पाण्यासारखा ओघळतो. हा ओघळ म्हणजे त्या बायकांच्या बोटांचं काम, आणि माझ्या मते दागिन्यातला सगळ्यात मोलाचा भाग तोच. त्याची मजुरी मात्र दागिन्याच्या किमतीत सगळ्यात लहान आकड्यांपैकी असते, ही गोष्ट मला बोचते.

आता पट्टा नेमका बसतो कुठे, ते पाहू.

स्कॉटलंडमधला जाणकार पहिली सूचना देतो ती मापाची. स्पोरनच्या पट्ट्याचं माप कमरेचं घ्यायचं नाही, नितंबांच्या वरच्या भागाचं घ्यायचं. किल्ट नैसर्गिक कमरेवर, म्हणजे बेंबीच्या आसपास बसतो आणि स्वतःच्या पट्ट्यांनी स्वतःला धरतो. स्पोरनचा पट्टा त्याच्या खाली, कमरेच्या हाडांवर टेकतो. पिशवीची वरची कड किल्टवर बांधलेल्या रुंद पट्ट्याच्या बकलाखाली तीन-चार बोटांवर यावी असा संकेत आहे. पट्टा फार वर गेला तर पिशवी पोटावर चढते, फार खाली आला तर चालताना मांड्यांवर आपटते. आणि एक गोष्ट तिथे ठाम मानतात: स्पोरनचा पट्टा किल्टला धरून ठेवण्यासाठी नसतो. तो सुटला तरी किल्ट जागच्या जागी राहिला पाहिजे.

यामागचं कारण साधं आहे. कमरेच्या सगळ्यात अरुंद जागी घातलेला पट्टा टिकतो तो घर्षणावर, म्हणजे आवळण्यावर. श्वास घेतला, जेवलं, खाली बसलं की तिथला घेर बदलतो. मग पट्टा एक तर रुततो, नाही तर घसरतो. त्याच्या किंचित खाली शरीर रुंद होत जातं. तिथे पट्टा उतारावर टेकतो, त्याचं वजन हाड पेलतं आणि आवळावं लागत नाही. ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात दर्शनी भिंतीवरची स्त्री-पुरुषांची युगुलं नीट पाहा. बायकांच्या जड, अनेकपदरी मेखला कमरेच्या बारीक भागावर नाहीत, खाली नितंबांवर विसावलेल्या आहेत. शिल्पकाराने रोज पाहिलं तेच कोरलं असणार. आज दुकानात मुली कंबरपट्टा वर ओढून, पोट आत घेऊन आरशात पाहतात आणि त्या मापाचा घेऊन जातात. लग्नाच्या दिवशी पहिल्या पंगतीनंतर तो पट्टा काढून आईच्या पिशवीत जातो.

म्हणून माप घ्यायचं ते नेसून. ज्या लुगड्यावर पट्टा घालायचा तेच नेसून, किंवा निदान तितक्याच जाडीचं. नऊवारीत पुढे गाठ आणि निऱ्यांचा जाड थर येतो, मागे काष्टा खोचलेला असतो. या दोन जागी कापडाचे इतके पदर साठतात की अंगाचं माप आणि नेसल्यावरचं माप यांत सहज काही सेंटिमीटरांचा फरक पडतो. इरकलीचा सुती पोत एक, पैठणीचं रेशीम दुसरं, आणि आयत्या शिवलेल्या नऊवारीची कंबर तिसरी. दोरी घ्या, उभं राहून मोजा, मग पाटावर मांडी घालून मोजा. मोठं माप खरं धरा आणि दोन बोटं आत जातील इतकी सैल जागा ठेवा. मागे वाढीव कड्यांची लहान साखळी असेल तर उत्तम, फासा हव्या त्या कडीत अडकवता येतो. दुकानात बसल्यावर पट्ट्याच्या मधल्या पदकाची नक्षी पाहण्याआधी विचारावं, "मामा, मागं वाढीव कड्या किती आहेत?" या प्रश्नावर दुकानदाराला कळतं की समोरच्या बाईला दागिना घालायचा आहे, नुसता ठेवायचा नाही.

वजनाचा हिशेब घरीही करता येतो, आणि तो केल्यावर बऱ्याच गोष्टी उलगडतात. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड. समजा पट्टा ८० सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद आणि पत्र्याची जाडी ०.४ मिलिमीटर. घनफळ ९.६ घन सेंटिमीटर, वजन जवळजवळ १०० ग्रॅम. जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट, २०० ग्रॅम. वरून तो ओळखूही येणार नाही. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोला लाख रुपयांच्या वर गेला, आणि अशा काळात गिऱ्हाइकाला परवडावं म्हणून पहिली कात्री पत्र्याच्या जाडीला लागते. रुंदी तीच, नक्षी तीच, पत्रा पातळ. असा पट्टा पहिल्या दिवशी सुंदर दिसतो, पण बसताना जिथे पोटाशी घडी पडते तिथे वाकतो, आणि वाकलेला पत्रा सरळ करताना तडकतो. पैसे बेताचे असतील तर रुंद आणि पातळ पट्ट्यापेक्षा अरुंद आणि जाड पट्टा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. सलग पत्र्यापेक्षा लहान लहान तुकड्यांचा, बिजागरीसारख्या जोडांचा पट्टा तर त्याहून बरा, कारण तो अंगाबरोबर वळतो.

पण वजन नुसतं किती हे पुरेसं नाही, ते कुठे आहे हेही पाहावं लागतं. मधलं पदक जड आणि मागची साखळी नाजूक असली की पट्टा पुढे झुकतो, पदकाची वरची कड बाहेर कलते आणि मागची साखळी वर सरकते. बारीक साखळी सगळा भार अरुंद रेषेवर टाकते, म्हणून ती काचते. स्पोरनच्या पट्ट्यात यावर जुना तोडगा आहे. मागचा मोठा भाग दोन-अडीच सेंटिमीटर रुंद चामड्याचा, आणि पुढे दोन्ही टोकांना पिशवीच्या कड्यांत अडकणारा साखळीचा लहान तुकडा. भार चामड्याच्या रुंदीवर पसरतो आणि चमक पुढे दिसते. नुसत्या साखळीचे पट्टेही मिळतात, पण लोकरीवर धातू सतत घासला की किल्टच्या मागच्या चुण्या झिजतात, म्हणून चोखंदळ माणूस ते टाळतो.

आपल्याकडच्या रेशमाला ही भीती लोकरीहून जास्त आहे. एखाद्या कडीचं तोंड नीट बंद झालं नसेल तर पैठणीच्या जरीचा धागा त्यात अडकतो आणि एका झटक्यात ओढला जातो. परीक्षा सोपी आहे. मलमलीचा किंवा जुन्या रेशमी ओढणीचा तुकडा पट्ट्याच्या आतल्या बाजूवरून दोन्ही दिशांनी फिरवा. कुठेही अडकला तर तो पट्टा बाजूला ठेवा, किंवा तिथल्या तिथे कानस मारून घ्या. पुढची बाजू पॉलिशवाल्याने चमकवलेली असतेच. कारागीर किती निगुतीचा आहे ते आतल्या बाजूला कळतं.

चामड्याचा विचार हुपरीच्या परिसरात तरी व्हायला हवा असं मला फार वाटतं. ज्या जिल्ह्याच्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडं कमावण्याची परंपरा आहे, त्याच जिल्ह्यात चांदीच्या कड्या गुंफणारी बोटं आहेत. मागे मऊ कमावलेल्या चामड्याची पट्टी, पुढे चांदीचं पदक आणि साखळी असा कंबरपट्टा जीन्सवर, सलवार-कुडत्यावर, सहावारी साडीवरही रोज घालता येईल. चांदी कमी लागेल आणि अंगाला सुख मिळेल. सणाच्या दागिन्याची ती जागा घेणार नाही, पण कपाटात पडून राहण्यापेक्षा रोज वापरात राहील.

शुद्धतेचा प्रश्न कंबरपट्ट्याच्या बाबतीत जरा खोलात जाऊन समजून घ्यावा लागतो. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि फार मऊ असते. कडी टिकावी म्हणून तिच्यात तांबं मिसळतात. जगभर चालणाऱ्या स्टर्लिंग चांदीत ९२.५ टक्के चांदी असते. पण दागिना नुसत्या चांदीचा होत नाही, त्यात झाळ असते. दोन टोकं जोडायची तर आधी वितळणारा मिश्रधातू लागतो, आणि त्यात चांदीबरोबर तांबं आणि जस्त असतं. एका अखंड कड्यात झाळ नखाएवढी, पण शेकडो कड्यांच्या पट्ट्यात प्रत्येक जोडावर तिचा ठिपका. त्यामुळे तार उत्तम टंचाची, म्हणजे शुद्धतेची असली तरी पूर्ण पट्टा आटवला की टंच खाली येतो. यात दरवेळी फसवणूक असते असं नाही. विकणाऱ्याने मात्र टंच तारेचा सांगितला की आख्ख्या दागिन्याचा, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावं. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांसाठीही सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाचं हॉलमार्किंग सुरू झालं आहे. ते ऐच्छिक आहे, सोन्यासारखं सक्तीचं नाही. क्रमांक असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) मोबाइल ॲपवर तपासता येतो. नसेल तर दुकानाचा भरवसा आणि पावती एवढंच हातात राहतं.

झाळीबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती कारागिराच्या बाजूने. लवकर वितळावी म्हणून झाळीत कॅडमियम वापरण्याची सवय या धंद्यात होती. तापवल्यावर त्याची वाफ होते आणि ती फुप्फुसं व मूत्रपिंडं खराब करते. घालणाऱ्याला त्याचा उपद्रव जवळजवळ नसतो, पण बंद खोलीत दिवसभर फुंकणीवर बसणाऱ्याला असतो. कॅडमियमविरहित झाळीचा आग्रह गिऱ्हाइकाने धरला तर दागिना किंचित महाग पडेल. तो आग्रह आपण धरावा.

घालण्याच्या पद्धतीबद्दल स्कॉटिश जाणकारांचं ते वाक्य इथेही चालतं: पट्ट्याने कापड धरायचं नसतं. नऊवारीची गाठ पक्की हवी आणि काष्टा घट्ट खोचलेला हवा, मगच वर पट्टा. निऱ्या ढिल्या आहेत म्हणून पट्टा आवळून घेणाऱ्या मुलीला दिवसभर दोन्हींचा त्रास होतो. आधी मागची बाजू ठरवावी. काष्ट्याच्या उंचवट्याच्या मधोमध पट्टा ताणून गेला तर वर सरकतो, म्हणून तो उंचवट्याच्या वरच्या कडेवर टेकेल अशी मागची कडी जुळवावी. मग पदक निऱ्यांच्या मध्यावर आणावं. पदर पट्ट्याखालून घ्यायचा की वरून, हा आवडीचा प्रश्न. लावणी करणाऱ्या किंवा लेझीम खेळणाऱ्या मुलींनी मात्र पदर खोचून वर पट्टा घ्यावा, म्हणजे पदर हातात येत नाही. किल्टवाल्यांमध्येही ढोल वाजवताना स्पोरन बाजूला, कमरेच्या हाडावर सरकवण्याची रीत आहे, ती याच कारणाने.

किल्टची आणि मराठी मुलखाची गाठ तशी जुनी आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी इंग्रजांची जी लढाई झाली, तिच्यात स्कॉटलंडच्या ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँड पलटणी होत्या. असईचा हत्ती त्यांच्या निशाणावर मानचिन्ह म्हणून गेला. विशेष असं की १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये सामान्य पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी केली, ती १७८२ मध्ये उठली. मधल्या काळात तो टिकला तो बऱ्याच अंशी सरकारी पलटणींच्या अंगावर. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला गेला तेव्हा लेखक वॉल्टर स्कॉट यांनी त्याचं स्वागत किल्टच्या थाटात घडवून आणलं, आणि डोंगराळ गरिबांचा पोशाख साऱ्या स्कॉटलंडचा मान झाला. आपली नऊवारीही शेतात राबणाऱ्या बायकांच्या अंगावर टिकून आज लग्नमंडपात मानाने परत आली आहे.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, चांदी खराब होत नाही. लोकर आणि रबर यांत गंधक असतं, म्हणून पट्टा लोकरी शालीत गुंडाळून किंवा रबरबँड लावून ठेवू नये. घाम पुसून, कोरडा करून, सुती कापडात ठेवावा. रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. गरम पाण्यात सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल टाकून चांदी उजळण्याचा उपाय चालतो, त्यात गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमला धरतं. पण नक्षीच्या खाचांत कारागिराने मुद्दाम काळी छटा ठेवलेली असेल तर तीही निघून जाते आणि पदक सपाट दिसू लागतं. अशा पट्ट्याला तो उपाय करू नये.

बाळाच्या करगोट्याला हे सगळे नियम अधिक काटेकोरपणे लागू आहेत. बारशाला आजोळहून वाळे, बिंदल्या आणि करगोटा येतो, आणि सहा महिन्यांत बाळ दुप्पट वजनाचं होतं. वाढीव कड्या नसतील तर करगोटा कातडीत रुततो. घुंगरू ओढून पाहावं, सुटलं तर बाळाच्या तोंडात जाईल. झोपताना करगोटा काढून ठेवावा, मग घरच्या मोठ्यांचं काहीही म्हणणं असो.

जुना कंबरपट्टा मोडीत देण्यापूर्वी तो एकदा उलटा करून पाहावा. आजीच्या पट्ट्याचं पदक आणि पत्रा बहुधा शाबूत असतो, झिजलेल्या असतात त्या फाशाजवळच्या पाच-सात कड्या आणि फासा, कारण रोजची ओढाताण तिथेच होते. मोडीत वजनाला घट धरतात, टंच कमी धरतात आणि नव्या दागिन्यावर पुन्हा मजुरी आणि तीन टक्के जीएसटी लागतो. त्यापेक्षा हुपरीच्या एखाद्या कारागिराकडून तेवढ्याच कड्या नव्याने घालून घ्याव्यात, त्याच जाडीच्या तारेच्या, आणि कमरेचं नवं माप नेसूनच द्यावं.